घराच्या तुळईत, कूलरमध्ये आणि छज्जाखाली गांधीलमाश्या : पोळी सुरक्षितपणे कशी काढावीत?

केळीबाग (यावल तालुका)

नमस्कार. आमच्या घराचा पुढचा भाग सिमेंटचा आणि मागचा भाग आजोबांच्या काळातला, धाब्याचा, म्हणजे मातीच्या सपाट छताचा आहे. दरवर्षी कानबाईच्या सणाआधी आम्ही घराला रंग देतो. यंदा त्या आठवड्यात पावसाने उसंतच दिली नाही, म्हणून ते काम घट बसण्यापूर्वी उरकायचे ठरले. रंगकाम करणारे आले, त्यांनी घराला एक फेरी मारली आणि शिडी न लावताच ते परत गेले, कारण त्यांना एकापेक्षा अधिक ठिकाणी गांधीलमाश्या दिसल्या.

पहिले ठिकाण स्वयंपाकघराच्या खिडकीवरील छज्जाखाली आहे. तिथे तळहाताएवढे, राखाडी, कागदासारखे दिसणारे पोळे एका बारीक देठावर लटकलेले आहे आणि त्याची घरे उघडी दिसतात. दुसरे ठिकाण म्हणजे बैठकीच्या खिडकीतला कूलर. तो जूनपासून बंद आहे आणि त्याच्या बाजूच्या फटींमधून तशाच लहान माश्या ये-जा करतात. तिसरे ठिकाण मला सर्वांत चिंतेचे वाटते. मागच्या भिंतीत, तुळईचे टोक जिथे बसवले आहे तिथे मातीत एक भोक पडलेले आहे आणि त्यातून मोठ्या, तांबूस-तपकिरी, पोटावर पिवळा पट्टा असलेल्या माश्या दिवसभर आत-बाहेर करत असतात. खोलीत शांतता असली की त्या बाजूने घोंघावल्याचा आवाज स्पष्ट ऐकू येतो. याखेरीज चौकटीवर मातीचे वाळलेले गोळे चिकटलेले आहेत आणि अंगणातल्या निंबावर, बऱ्याच उंचीवर, आणखी एक लहान पोळे आहे.

घरात माझे वडील आहेत. त्यांचे वय सत्तरीच्या पुढे असून ते रक्तदाबाच्या व हृदयाच्या गोळ्या घेतात. मुलगी लहान आहे आणि मागच्याच बाजूला गाईचा गोठा असल्यामुळे दिवसातून अनेकदा तिकडे जावेच लागते. गल्लीतील काही जण सांगतात की बांबूला रॉकेलचे फडके बांधून रात्री जाळून टाका. काही जण म्हणतात की भोक सिमेंटने लिंपून बंद करा, माश्या आतच मरतील. त्याच भिंतीला लागून गेल्या वर्षीच्या पऱ्हाट्यांचा, म्हणजे कपाशीच्या वाळलेल्या झाडांचा ढीग आहे, त्यामुळे जाळण्याचा विचार मला पटत नाही.

यांपैकी काय काढावे, काय राहू द्यावे, कोणते काम स्वतः करता येईल आणि कोणते करू नये, आणि कोणाला दंश झालाच तर काय करावे, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

सातपुड्याचा पायथा (चोपडा)

मी शाळेत विज्ञान शिकवतो आणि या कीटकांचे निरीक्षण करण्याची मला जुनी आवड आहे. आपण केलेले वर्णन इतके नेमके आहे की त्यावरूनच बरेच काही ठरवता येते. आपल्या घरी एकच उपद्रव पाच ठिकाणी झालेला नाही. तिथे निदान तीन वेगवेगळ्या प्रकारचे कीटक राहत आहेत आणि त्यांना एकच उपाय लावणे हीच धोक्याची सुरुवात ठरेल.

चौकटीवरचे मातीचे गोळे कुंभारणीचे आहेत. ही गांधीलमाशी एकटी राहते. मादी ओल्या मातीचे घर बांधते, त्यात दंश करून बधिर केलेले कोळी किंवा अळ्या भरते, अंडे घालते, तोंड लिंपते आणि निघून जाते. राखण करायला तिथे कोणी नसते, म्हणून ते गोळे आपण भरदिवसा पत्र्याच्या तुकड्याने खरवडून काढू शकता. गोळ्याला बाहेरून भोक दिसत असेल तर आतली माशी केव्हाच उडून गेली आहे असे समजावे.

छज्जाखालचे आणि बहुधा कूलरमधले पोळे कागदी गांधीलमाश्यांचे आहे. या माश्या वाळलेल्या लाकडाचे तंतू कुरतडतात, ते लाळेत कालवतात आणि त्या लगद्यापासून षट्कोनी घरे बांधतात; त्यांच्या पोळ्यावर आवरण नसते, म्हणून घरे उघडी दिसतात. दक्षिण भारतात व महाराष्ट्रात सर्रास आढळणाऱ्या अशाच एका जातीचा, रोपालिडिया मार्जिनाटाचा, अभ्यास बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्राध्यापक राघवेंद्र गदगकर यांनी अनेक दशके केला आहे. त्यांच्या कामातून पुढे आलेली एक गोष्ट आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. या जातीत राणी आणि कामकरी माश्या दिसायला सारख्याच असतात आणि राणी नाहीशी झाली तर कामकऱ्यांपैकीच एक माशी तिची जागा घेते. त्यामुळे ‘राणी मारली की पोळे संपते’ हा समज इथे लागू पडत नाही, आणि दिवसा नुसते पोळे काठीने पाडले तर बाहेर गेलेल्या माश्या परत येऊन त्याच जागी किंवा शेजारी पुन्हा बांधायला लागतात.

तुळईजवळच्या माश्या मात्र वेगळ्या आहेत. तांबूस-तपकिरी रंग, मोठा आकार आणि पोटावरचा रुंद पिवळा पट्टा यांवरून त्या पौर्वात्य गांधीलमाश्या, म्हणजे व्हेस्पा ओरिएंटॅलिस, असाव्यात. त्या कोरड्या प्रदेशात जमिनीतील बिळांत, भिंतींच्या पोकळ्यांत आणि जुन्या लाकडाच्या फटींत राहतात. त्यांची वस्ती एका राणीपासून सुरू होते, पावसाळ्यात वाढत जाते आणि पावसाळा संपता संपता तिच्यात सर्वाधिक माश्या असतात. म्हणजे आपण नेमक्या अवघड काळात हे काम काढले आहे. भोकाबाहेर जेवढ्या माश्या दिसतात त्याच्या कितीतरी पट आत असतात. पोळ्याला धक्का लागला, जवळ ड्रिल चालले किंवा एखादी माशी चिरडली गेली, तर तिच्या विषातल्या गंधाने बाकीच्या सावध होतात आणि एकत्र हल्ला करतात.

निंबावरच्या पोळ्याला हात लावू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. ते उंच आहे, कोणाच्या वाटेत नाही, आणि त्या माश्या आपल्या पिल्लांना अळ्यांचे तुकडे भरवतात. कपाशीवरील हिरवी बोंडअळी, पाने खाणाऱ्या अळ्या, कोबीवरच्या अळ्या हे सगळे त्यांचे भक्ष्य आहे. गुलाबी बोंडअळी बोंडाच्या आत शिरते, त्यामुळे तिच्याबाबत त्यांचा उपयोग फारसा होत नाही. परंतु पानांवर उघड्यावर फिरणाऱ्या अळ्या त्या शोधून काढतात. छज्जाखालचे पोळेही मी राहू दिले असते, कारण थंडीत त्यांची हालचाल मंदावते.

तापी पेस्ट कंट्रोल (भुसावळ)

वरील ओळख बरोबर आहे. फक्त छज्जाखालच्या पोळ्याबद्दल माझे मत वेगळे आहे. रंगकाम करणारा माणूस शिडीवर उभा राहून त्या पोळ्याच्या हातभर अंतरावर ब्रश फिरवणार आहे. त्याला एक दंश झाला तर तो दंशाने नव्हे, शिडीवरून पडून जायबंदी होईल. माझ्या व्यवसायात मी ज्या दुखापती पाहिल्या आहेत त्यांत शिडीवरून किंवा पत्र्यावरून पडल्याच्या अधिक आहेत. म्हणून जिथे माणसाला काम करायचे आहे तिथले पोळे काढावे आणि जिथे कोणाचे काम नाही तिथले राहू द्यावे, असा साधा निकष मी लावतो.

आधी जे करू नये ते सांगतो. आग लावू नये. धाब्याच्या घरात तुळया, कडीपाट आणि त्यांवरच्या काटक्या वर्षानुवर्षे वाळलेल्या असतात. पोकळीत शिरलेली ठिणगी रात्रभर धुमसते आणि घरातील माणसे झोपलेली असताना पेट घेते; त्यात आपल्याकडे भिंतीला पऱ्हाट्या टेकलेल्या आहेत. रॉकेल, पेट्रोल किंवा डिझेल ओतणेही तितकेच घातक आहे, कारण त्यांची वाफ पोकळीत साठून राहते. पऱ्हाट्यांचा ढीग आपण कोणतेही काम सुरू करण्यापूर्वी, परंतु माश्यांच्या वाटेतून न जाता, दूर हलवावा. तो भोकाच्या अगदी खाली असेल तर तोही आम्हा लोकांकडून हलवून घ्यावा.

भोक बंद करू नये. माश्या जिवंत असताना तोंड लिंपले तर त्या दुसरी वाट शोधतात, आणि धाब्याच्या घरात ती वाट बहुतेक वेळा छताच्या फटीतून खोलीत निघते. सकाळी उठल्यावर माश्या वडिलांच्या अंथरुणावर फिरताना दिसणे, इतकी वाईट वेळ त्यामुळे येऊ शकते.

तुळईतले पोळे स्वतः काढू नये. हे काम असे केले जाते : पूर्ण अंगरखा, जाळीचा मुखवटा आणि जाड हातमोजे घालून रात्री भोकाच्या तोंडाशी कोरड्या कीटकनाशक पावडरीचा फवारा आत मारतात. बाहेरून येणाऱ्या माश्या त्या पावडरीतून चालत आत जातात आणि ती पोळ्यापर्यंत नेतात. द्रव औषधाचा फवारा वळणावळणाच्या पोकळीत आतपर्यंत पोहोचत नाही, म्हणून तिथे पावडर लागते. त्यानंतर काही दिवस भोक उघडेच ठेवून पाहणी करतात आणि ये-जा पूर्ण थांबल्यावर ते बंद करतात. हे काम कोणाकडूनही करून घेतले तरी त्याच्याकडे व्यावसायिक कीटक नियंत्रणाचा परवाना आहे का, हे आवर्जून विचारावे. १९७१ च्या कीटकनाशक नियमांनुसार तो आवश्यक आहे. कोणते औषध वापरणार, किती वेळ खोली बंद ठेवायची आणि जनावरे किती लांब बांधायची, हे तीन प्रश्न विचारल्यावर जो नीट उत्तर देत नाही त्याला काम देऊ नये. शहरात राहणाऱ्यांनी महानगरपालिकेच्या किंवा नगरपालिकेच्या अग्निशमन विभागाकडेही चौकशी करावी. पोळे विजेच्या खांबावर, मीटरच्या पेटीत किंवा वायरीजवळ असेल तर कोणीही काठी लावू नये. आधी महावितरणला १९१२ या क्रमांकावर कळवावे.

छज्जाखालचे लहान पोळे आपण स्वतः काढू शकता, पण सर्व अटी पाळता येत असतील तरच : जमिनीवर उभे राहून फवारा पोहोचला पाहिजे, म्हणजे शिडी, स्टूल, पिंप यांपैकी काहीही लागता कामा नये, ज्याला पूर्वी दंशाने अंगभर पित्त उठले आहे किंवा दम लागला आहे अशी व्यक्ती जवळ नसावी, आणि सोबत दुसरा जाणता माणूस असावा. वेळ सूर्यास्तानंतर तास-दीड तासाची, कारण तोपर्यंत सगळ्या माश्या पोळ्यावर परतलेल्या असतात आणि अंधारात त्यांना नीट उडता येत नाही. मात्र त्या उजेडाकडे झेपावतात, म्हणून ओट्यावरचा आणि स्वयंपाकघराचा दिवा बंद करावा, खिडक्या लावून घ्याव्यात आणि बॅटरी हातात किंवा कपाळावर न धरता बाजूला जमिनीवर ठेवावी. बॅटरीच्या काचेवर लाल जिलेटीन कागद बांधला तर अधिक चांगले, कारण लाल उजेड माश्यांना जवळजवळ दिसत नाही.

कपडे जाड, पूर्ण बाह्यांचे आणि शक्य तर दुहेरी असावेत. पायजम्याची टोके मोज्यांत आणि बाह्या हातमोज्यांत खोचाव्यात. काठाची टोपी घालून तिच्यावरून मच्छरदाणीचे कापड असे सोडावे की ते चेहऱ्याला चिकटणार नाही. कापड कातडीला टेकले तर माशी त्यातूनही दंश करते.

लहान उघड्या पोळ्यासाठी भांडी घासण्याच्या द्रवरूप साबणाचे पाणी पुरेसे होते. एक लिटर पाण्यात दोन-तीन मोठे चमचे साबण ढवळावा आणि दाब देऊन दूरवर धार जाईल अशा हातपंपात भरावा. साबणामुळे पाणी माशीच्या अंगावर पसरते आणि तिची श्वसनछिद्रे बुजवते. आपण थेट पोळ्याखाली उभे राहू नये, थोडे तिरके, वाऱ्याच्या दिशेकडून, दोन मीटरवर उभे राहावे आणि परतीची वाट आधी मोकळी करून ठेवावी. धार सुरू केली की पोळे पूर्ण निथळेपर्यंत थांबू नये, आणि त्यानंतर तिथे पाहत न बसता घरात जाऊन दार लावावे. घरगुती कीटकनाशकाचा डबा वापरायचा असेल तर जवळ चूल, देवापुढचा दिवा किंवा गॅस पेटलेला नसावा, कारण त्यातला वायू ज्वालाग्राही असतो. दुसऱ्या दिवशी सकाळी हालचाल नाही याची खात्री करून लांब काठीने पोळे खाली पाडावे, पिशवीत भरून पुरावे आणि देठाची जागा साबणाच्या पाण्याने घासून घ्यावी. बाहेर राहिलेल्या एक-दोन माश्या काही दिवस तिथे घोटाळतात. जागा रंगवली की त्यांचे येणे थांबते.

कूलरचे काम याच पद्धतीने करता येते, पण क्रम महत्त्वाचा आहे. आधी वायर सॉकेटमधून काढावी. मग दिवसाच, खोलीच्या आतून, पंख्यासमोरची जाळी जाड पुठ्ठा आणि चिकटपट्टीने पूर्ण बंद करावी, म्हणजे चवताळलेल्या माश्या बैठकीत येणार नाहीत. रात्री बाहेरून फटींमधून फवारा द्यावा. दुसऱ्या दिवशी दुपारी, उन्हात, कोणीही आत-बाहेर करत नाही हे लांबून पाहिल्यावरच बाजूच्या गवताच्या जाळ्या उघडाव्यात. मोटार व पंप ओले झाले असतील तर पूर्ण वाळेपर्यंत वीज जोडू नये. कूलरच्या मागे जाण्यासाठी शिडी लागत असेल तर तेही काम आमच्याकडेच सोपवावे.

ग्रामीण आरोग्य (धुळे जिल्हा)

मी शासकीय रुग्णालयात वैद्यकीय अधिकारी आहे. कपाशीच्या वेचणीच्या आणि दिवाळीपूर्वीच्या साफसफाईच्या दिवसांत असे रुग्ण आमच्याकडे येतात, म्हणून थोडे सविस्तर लिहिते.

मधमाशीची नांगी काटेरी असल्यामुळे कातडीत अडकून राहते. गांधीलमाशीची नांगी अडकत नाही आणि एकच माशी अनेकदा दंश करू शकते. म्हणून पहिली गोष्ट जागेपासून दूर जाण्याची. हात झटकू नयेत, चेहरा आणि मान झाकून घ्यावी आणि दार लावता येईल अशा खोलीत शिरावे. विहिरीत किंवा हौदात उडी मारू नये. आपल्याकडच्या विहिरी खोल असतात आणि दंशापेक्षा बुडण्याचा धोका कितीतरी मोठा असतो.

एखाद-दुसरा दंश असेल तर जागा साबणाने धुवावी, अंगठी, बांगड्या किंवा करगोटा त्या भागात असेल तर सूज येण्याआधी काढावा, आणि कापडात गुंडाळलेला बर्फ दहा-पंधरा मिनिटे थांबूनथांबून लावावा. वेदनेसाठी पॅरासिटामॉल आणि खाजेसाठी सेटिरिझिन डॉक्टरांच्या सल्ल्याने घेता येते. सूज दुसऱ्या दिवशी वाढलेली दिसू शकते आणि काही दिवस राहते. केवळ तेवढ्यावरून घाबरू नये. लोखंड घासणे, चुना किंवा शेण लावणे, रॉकेल चोळणे या गोष्टी मात्र कृपया टाळाव्यात. त्यांनी विष उतरत नाही आणि जखमेत जंतू जातात.

खरा धोका दोन प्रकारचा असतो. एक तीव्र अॅलर्जीचा. त्यासाठी एकच दंश पुरेसा असतो आणि लक्षणे बहुधा काही मिनिटांत ते तासाभरात दिसतात : दंशापासून दूरच्या कातडीवर गांधी उठणे, ओठ, जीभ किंवा डोळ्यांभोवती सूज, आवाज बसणे, दम लागणे, उलट्या, चक्कर, घाम येऊन शुद्ध हरपणे. यांपैकी काहीही दिसले तर घरगुती उपायांत वेळ घालवू नये, १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी किंवा हाताशी असलेल्या वाहनाने जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात न्यावे. यावरचा मुख्य उपचार म्हणजे मांडीच्या बाहेरील बाजूच्या स्नायूत दिलेले अॅड्रेनॅलिनचे इंजेक्शन. गोळी त्याची जागा घेऊ शकत नाही. तोपर्यंत रुग्णाला आडवे झोपवून पाय थोडे उंच ठेवावेत, दम लागत असेल तर बसवावे, आणि चालत नेऊ नये. बरे वाटले तरी काही तास रुग्णालयात थांबावे, कारण लक्षणे पुन्हा उलटू शकतात. तोंडात किंवा घशात दंश झाला असेल तर अॅलर्जी नसतानाही लगेच रुग्णालयात जावे.

दुसरा धोका अनेक दंशांचा, विशेषतः मोठ्या गांधीलमाश्यांच्या. त्यांचे विष स्नायू आणि रक्तपेशी यांना इजा करते आणि त्याचा भार मूत्रपिंडावर येतो. असा रुग्ण सुरुवातीला बोलत-चालत असतो, म्हणून घरचे निश्चिंत राहतात, आणि एक-दोन दिवसांनी लघवी गडद तपकिरी होते किंवा कमी होते. पुष्कळ दंश झालेल्या प्रत्येकाने, आणि लहान मूल किंवा वृद्ध असेल तर थोड्या दंशांनंतरही, त्याच दिवशी रुग्णालयात जाऊन रक्त व लघवीची तपासणी करून घ्यावी.

प्रश्नकर्त्यांना एक विशेष सूचना. वडिलांच्या गोळ्यांत अॅटेनोलॉल, मेटोप्रोलॉल यांसारखे बीटा-ब्लॉकर प्रकारचे औषध आहे का, हे पाहावे. अशा रुग्णाला तीव्र अॅलर्जी झाली तर ती अधिक गंभीर होऊ शकते आणि अॅड्रेनॅलिनचा परिणाम कमी मिळू शकतो. गोळी स्वतःहून बंद मुळीच करू नये. पण काम चालू असताना वडिलांना आणि मुलीला नातेवाइकांकडे पाठवावे आणि दंश झालाच तर गोळ्यांचे पाकीट रुग्णालयात सोबत न्यावे.

केळीबाग (यावल तालुका)

सर्वांचे मनापासून आभार. वडिलांच्या पाकिटावर मेटोप्रोलॉलच लिहिलेले आहे, त्यामुळे काम होईपर्यंत त्यांना आणि मुलीला मामांकडे फैजपूरला पाठवतो आहोत. आणखी दोन शंका आहेत. शेतीसाठी आणलेले कीटकनाशक घरात शिल्लक आहे. व्यावसायिक माणूस यायला उशीर झाला तर ते भोकात फवारता येईल का? आणि घराजवळच्या चिंचेवर एक मोठे, काळसर पोळे दोन दिवसांपूर्वी नव्याने दिसू लागले आहे, तेही गांधीलमाश्यांचेच असेल का?

गोमाईकाठ (शहादा)

चिंचेवरचे पोळे दोन दिवसांत मोठे दिसू लागले असेल तर ते गांधीलमाश्यांचे नसून आग्या मोहोळ असण्याची शक्यता अधिक आहे. गांधीलमाश्यांचे पोळे हळूहळू वाढते; आग्या मधमाश्यांचा थवा मात्र दुरून येऊन फांदीला एकदम लटकतो आणि माश्यांच्या थरामुळे काळसर, अर्धवर्तुळाकार पडद्यासारखा दिसतो. या माश्या पावसाळ्यानंतर फुलोऱ्याच्या शोधात येतात आणि हंगाम सरला की स्वतःहून निघून जातात. तिथे साबणाचे पाणी, धूर, दगड, फटाके यांपैकी काहीही करू नये. डिवचलेल्या आग्या माश्या माणसाचा व जनावरांचा दूरपर्यंत पाठलाग करतात, आणि दावणीला बांधलेल्या गाईला तर पळताही येत नाही. चिंच गोठ्यापासून जवळ असेल तर गाय तात्पुरती दुसरीकडे बांधावी. मोहोळ हलवणे अटळच असेल तर प्रशिक्षित मधपाळाला बोलवावे. जिल्ह्याच्या खादी व ग्रामोद्योग कार्यालयात त्याबाबत चौकशी करता येते. आम्ही पपई आणि कपाशी करतो. आमच्या बांधावर मोहोळ असते तेव्हा आम्ही त्या बाजूची फवारणी संध्याकाळी उशिरा करतो आणि ट्रॅक्टर त्या झाडाखालून नेत नाही. एवढ्या काळजीने हंगाम सुखरूप जातो.

छज्जाखालच्या पोळ्यावरून वर जे दोन मतांचे अंतर आहे त्याबद्दल : ती बाजू सर्वांत शेवटी रंगवायची ठेवली तर घाई राहत नाही आणि योग्य रात्र निवडता येते. वारा जोरात असेल किंवा पाऊस भुरभुरत असेल तर काम पुढे ढकलावे.

तापी पेस्ट कंट्रोल (भुसावळ)

शेतीचे कीटकनाशक घरात वापरू नका, उशीर झाला तरीही नाही. डब्यावरच्या चौकोनातील खालचा त्रिकोण पाहा. लाल म्हणजे अत्यंत विषारी, पिवळा म्हणजे तीव्र विषारी, त्यानंतर निळा आणि हिरवा. शेतीची औषधे मोकळ्या हवेत, ठरावीक पिकासाठी, ठरावीक प्रमाणात वापरण्यासाठी नोंदवलेली असतात. मातीच्या भिंतीत ती मुरतात आणि त्याच खोलीत माणसे झोपतात. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना झालेल्या विषबाधेत शेतकरी आणि शेतमजूर मृत्युमुखी पडले, आणि ते तर उघड्या शेतात होते. ज्या पंपाने शेतात फवारणी झाली आहे तो पंपही साबणाच्या पाण्यासाठी वापरू नये. माणूस येईपर्यंत भोकासमोरची जागा दोरी बांधून बंद करावी, गोठ्याकडे जाण्यासाठी दुसऱ्या बाजूची वाट वापरावी आणि त्या भिंतीला खिळा ठोकणे, मोटार टेकवणे किंवा धाब्यावर चढून माती टाकणे थांबवावे.

पावडर मारल्यानंतर भिंतीकडे रोज दुपारी लांबून थोडा वेळ पाहत राहावे. सलग काही दिवस एकही माशी दिसली नाही की भोकाच्या आत जेवढा हात पोहोचेल तेवढे पोळे काढणारा माणूसच काढून नेईल. उरलेल्या भागाला मुंग्या आणि झुरळे लागतात, म्हणून शक्य तेवढे काढून घेण्याचा आग्रह धरावा. त्यानंतर तुळईच्या टोकाभोवतीची पोकळी विटांच्या तुकड्यांनी भरून चुना-मातीने लिंपावी. जुन्या सागवानाला सिमेंट घट्ट बसवले तर ओल अडकून लाकूड कुजते, त्यामुळे तिथे सिमेंट नको. हवेसाठी झरोका ठेवायचा असेल तर त्याला बारीक छिद्रांची तारेची जाळी लावावी. रंगकाम करणाऱ्यांना तुळईची भिंत त्यानंतरच हातात द्यावी.

पुढच्या वर्षीसाठी कूलर उन्हाळा संपताच खिडकीतून उतरवून, टाकी कोरडी करून, जाळ्या काढून आणि वरून जाड कापड घट्ट बांधून ठेवावा. उतरवणे शक्य नसेल तर निदान बाजूच्या फटी ताडपत्रीने झाकाव्यात. फाल्गुनात तो पुन्हा सुरू करण्यापूर्वी, आतला पंखा फिरवण्याआधी, बाहेरून एकदा टॉर्चने आत पाहून घ्यावे.

केळीबाग (यावल तालुका)

परवाना पाहून एका व्यावसायिकाशी बोलणी झाली आहेत आणि ते परवा रात्री येणार आहेत. तुळईचे व कूलरचे, दोन्ही कामे त्यांच्याकडेच दिली, कारण कूलरच्या मागे शिडी लागते. चौकटीवरचे मातीचे गोळे आज खरवडून काढले. सगळ्यांना बाहेरून भोके होती. छज्जाखालचे पोळे जमिनीवरून पोहोचते, म्हणून ते भाऊ आणि मी वारा पडलेल्या रात्री काढू. निंब आणि चिंच जशी आहे तशी राहील. गाय आजपासून शेजारच्या वाड्यात बांधली आहे.

ग्रामीण आरोग्य (धुळे जिल्हा)

परवा रात्री काम सुरू होण्यापूर्वी आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रात्री कोण असते आणि अॅड्रेनॅलिन उपलब्ध आहे का, हे दिवसाच विचारून ठेवावे, आणि घरासमोर चालू स्थितीतले एक वाहन उभे ठेवावे.